मदत हवी आहे: पाइनच्या जुन्या जंगलात मोकळी उभी असलेली झाडं का मरतात?

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, एमएस्सी संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. पाइनचं जंगल फक्त फोटोत पाहिलंय. आमच्याकडं वेडी बाभूळ नि कडुनिंब, नान्नजकडं गेलं की माळरान. पण प्रकल्पात वाट्याला आली ती तीन वयांच्या पाइन जंगलांची आकडेवारी: प्रत्येक झाडाची जागा, खोडाचा व्यास, जिवंत की मेलेलं.

तरुण जंगलात मेलेली झाडं बहुतेक बारकी, गर्दीत अडकलेली. हे कळलं. मधल्या वयात जिवंत झाडांमधली अंतरं बरीच सारखी झालीत. रिप्लीच्या के फलनाची रेघ (ठरावीक अंतरात सरासरी किती शेजारी सापडतात ते सांगणारी) यादृच्छिक पट्ट्याच्या, म्हणजे झाडं कशीही विखुरली असती तर आली असती त्या पट्ट्याच्या, खाली जाते. घोळ तिसऱ्या जंगलात आहे. मेलेल्यांत जाडजूड झाडं, आजूबाजूला कुणी नाही अशी. आणि जिवंत झाडं परत घोळक्यानं! नोंदी चुकल्यात की असंच असतं? मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "आधी जंगल समजून घे, मग आर (संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर) उघड."

प्रतिसाद १ (निवृत्त वनाधिकारी)
नोंदी बरोबर वाटतात. पाइनला ऊन लागतं. रोपं दाट उगवली की जी मागं पडली ती सावलीत सापडून मरतात. ज्वारीची विरळणी आपण हातानं करतो, इथं ती शेजारचं झाड करतं. किती झाडं मावतील यालाही मर्यादा आहे. सरासरी व्यास वाढला की झाडांची संख्या किती घटते याचा राइनेकी यांनी १९३३ मध्ये मांडलेला घातांक उणे १.६ च्या आसपास आहे, म्हणजे सरासरी व्यास दुप्पट झाला की दाट जंगलातही जेमतेम एक तृतीयांश झाडं टिकतात.

पुढं उजेडासाठीचं हे भांडण ओसरतं. म्हाताऱ्या झाडाला मारतात वीज, वादळ, मुळांची कूज, साल पोखरणारे भुंगेरे. वीज नि वादळ तर शेजारी किती जवळ आहे ते बघून येत नाहीत. उलट उंच झाडालाच वारा जास्त लागतो, आणि भुंगेऱ्यांच्या काही जाती मोठी खोडंच धरतात. झाड पडलं की खाली ऊन पोचतं, त्या मोकळ्या जागेत रोपं एकदम उगवतात. तुमचे घोळके बहुधा तेच. त्यांचे व्यास तपासा.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत, फक्त पद्धतीबद्दल थोडं. मृत्यू यादृच्छिक आहे का, हे पाहायला पूर्ण यादृच्छिक मांडणीशी तुलना पुरत नाही. झाडांच्या जागा तशाच ठेवा, जिवंत-मृत ही लेबलं तेवढी पिसा आणि के परत काढा. कॅनडातल्या जॅक पाइनवर १९८८ मध्ये असंच काम झालं: जिवंत-मृत मिळून मांडणी यादृच्छिक, उरलेली जिवंत झाडं मात्र सारख्या अंतरावर. मृत्यू गर्दी बघून आला होता, हे त्यातूनच कळलं. आरच्या स्पॅटस्टॅट पॅकेजमध्ये सगळी सोय आहे. कडेच्या झाडांसाठी दुरुस्ती विसरू नका (त्यांचे काही शेजारी प्लॉटबाहेर असतात), प्लॉट लहान असेल तर तिथंच फसगत होते.

अजून एक. जुन्या जंगलात तरुणपणी मेलेली बारकी झाडं कधीच कुजून गेली. ती तुमच्या तक्त्यात येणारच नाहीत. त्यामुळं "जुन्या जंगलात मोठीच झाडं मरतात" असं सरसकट लिहू नका.

धागाकर्ता
दोघांचे आभार. व्यास पाहिले: घोळक्यातली झाडं खरंच बारकी निघाली. मोठी वेगळी काढली तर त्यांच्यात घोळका दिसत नाही. कुजलेल्या झाडांचं तर डोक्यातच आलं नव्हतं.

प्रतिसाद २
मग दोन्ही आकारगट वेगळेच चालवा. आणि तरुण जंगल लावलेलं आहे की आपसूक आलेलं, ते विचारून घ्या. ओळीत लावलेलं असेल तर अंतरं पहिल्या दिवसापासून सारखी, झाडं मरतील तशी ती उलट बिघडत जातील. तुमची तीन वयांची तुलनाच मोडेल.

धागाकर्ता
याची नोंद तक्त्यात नाही. सोमवारी मॅडमना विचारून इथंच लिहितो.