लॅपटॉपचा बोर्ड गेला, हार्ड डिस्क दुसरीकडे लावली की 'फॉरमॅट करा' म्हणते. डेटा कसा काढायचा?

निफाडकर
मदरबोर्ड जळाला, दुरुस्ती परवडत नाही. आतली १ टीबीची २.५ इंची साटा डिस्क काढून यूएसबी केबलने दुसऱ्या लॅपटॉपला लावली. डिस्क फिरते, टकटक नाही. पण विंडोज १० फॉरमॅट करायला सांगतं आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये मोठं पार्टिशन 'रॉ' (म्हणजे फाइल सिस्टिम ओळखता न आलेलं) दिसतं. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पिवळी खूण आहे, सी५ समोर शेवटी ए८. टॅली, द्राक्षबागेच्या फवारणीच्या एक्सेल नोंदी आणि घरचे फोटो त्यात अडकलेत. चेकडिस्क चालवू का? ५०० जीबीची रिकामी एक्सटर्नल डिस्क हाताशी आहे.

सिडकोकर
चेकडिस्क अजिबात नको. फॉरमॅटची खिडकी आली की कॅन्सल दाबा आणि डिस्क लगेच काढून ठेवा.

सी५ म्हणजे वाचता न आलेल्या सेक्टरांची, म्हणजे डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांची, मोजणी. ए८ हा हेक्समधला, म्हणजे सोळाच्या पद्धतीने लिहिलेला आकडा आहे. म्हणजे १६८ सेक्टर डिस्कला वाचता येत नाहीयेत. चेकडिस्क फाइल सिस्टिमचा हिशोब जुळवतं, तुमच्या फाइली वाचवणं हे त्याचं काम नाही. हिशोब जुळवायला ते त्याच आजारी डिस्कवर लिहितं, आणि ज्या फोल्डरची नोंद वाचता येत नाही त्यातल्या फाइलींची नावं जातात.

केबलही तपासा. २.५ इंची डिस्कला फिरायला लागताना साधारण १ अँपिअर लागतो. यूएसबी २.० चं पोर्ट नियमाने ५०० मिलिअँपिअर देतं, ३.० चं ९००. करंट कमी पडला तर चांगली डिस्कसुद्धा टकटक करते, मध्येच गायब होते. हब नको, लांब केबल नको. निळं (३.० चं) पोर्ट किंवा दोन तोंडांची केबल वापरा.

गंगापूररोडकर
आधी पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे एका फाइलमधली हुबेहूब प्रत, काढा, बाकी सगळं त्या इमेजवर. त्यासाठी ५०० जीबी पुरणार नाही. २ टीबीची डिस्क घ्या आणि ती एनटीएफएस ठेवा, कारण फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.

सिस्टिमरेस्क्यू या लिनक्सचा पेनड्राइव्ह बनवून त्यावरून लॅपटॉप सुरू करा. इमेज काढणारं डीडीरेस्क्यू आणि बिघडलेलं पार्टिशन वाचणारं टेस्टडिस्क, दोन्ही त्यात आहेत. कुठली डिस्क कुठली हे आकारमान आणि मॉडेल नंबर पाहून ठरवा. डीडीरेस्क्यूच्या आज्ञेतला क्रम असा: मूळ डिस्क, मग इमेज फाइल, मग मॅप फाइल (किती भाग निघाला याची नोंद). पहिल्या दोन गोष्टींची अदलाबदल झाली तर सगळं पुसलं जाईल, म्हणून एंटर दाबण्याआधी पुन्हा वाचा. मूळ डिस्क माउंट करू नका, म्हणजे फाइली बघायला उघडू नका.

पहिल्या फेरीला 'एन' पर्याय द्या. त्याने सहज निघणारा भाग आधी निघतो, खराब जागा मागे राहतात. दुसऱ्या फेरीला 'डी' आणि 'आर३', म्हणजे त्या जागांवर आणखी तीन प्रयत्न. मॅप फाइल पेनड्राइव्हच्या तात्पुरत्या जागेत नको, २ टीबीच्या डिस्कवरच ठेवा. लाइट गेली तरी तीच आज्ञा पुन्हा दिली की काम थांबलं तिथून पुढे चालू होतं. वेग चांगला असेल तर १ टीबीला ३-४ तास लागतात, यूएसबी २.० वर ८-९. खराब पट्टा लागला की तासन्‌तास जातात, तेव्हा डिस्कवर टेबलफॅन लावून ठेवा.

निफाडकर
इमेज तयार झाल्यावर फाइली शोधून काढणारं फोटोरेक चालवायचं ना?

नाशिकरोड_४२२१०१
फोटोरेक शेवटी. ते फाइलींचा साचा ओळखून उचलतं, त्यामुळे नावं आणि फोल्डर जातात. टॅलीची '.९००' वाली फाइल त्यातून कामाची निघेल अशी आशा धरू नका. टॅलीला कंपनीचा पाच आकडी नावाचा अख्खा फोल्डर लागतो.

आधी इमेजवर टेस्टडिस्क चालवा. 'रॉ' दिसण्याचं नेहमीचं कारण म्हणजे बिघडलेला बूट सेक्टर, म्हणजे पार्टिशनची माहिती असलेला पहिला सेक्टर. एनटीएफएस त्याची एक प्रत पार्टिशनच्या अगदी शेवटच्या सेक्टरमध्ये ठेवतं. अॅडव्हान्स्ड, मग बूट असं जा. प्रत ठीक असेल तर 'बॅकअप बीएस' निवडून इमेजमधला बूट सेक्टर दुरुस्त होतो. मग लिस्टमध्ये जाऊन टॅलीचा फोल्डर आणि एक्सेल फाइली आधी कॉपी करा, फोटो नंतर. प्रत्येक एक्सेल उघडून बघा. फोटो खालून करडा दिसला तर त्याचे सेक्टर निघालेले नाहीत.

विंडोजने कुलपाचं चिन्ह दाखवून किल्ली मागितली असती तर गोष्ट वेगळी. ते बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन, ४८ आकडी रिकव्हरी की बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात मिळते. तिच्याविना टेस्टडिस्क काही करू शकत नाही.

सिडकोकर
काम चालू असताना टकटक सुरू झाली तर वायर काढा, पुन्हा लावून बघू नका. फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला कुणी देईल, पण बाहेर काढताच आत दव धरतं. डिस्कचा सर्किट बोर्ड बदलूनही सहसा भागत नाही, कारण त्या डिस्कची स्वतःची मोजमापं जुन्या बोर्डवरच्या रॉम चिपमध्ये असतात. ती चिपही हलवावी लागते.

नाशकात कुठल्या दुकानात दिली तर डिस्क तिथेच उघडणार की मुंबई-पुण्याच्या लॅबला पाठवणार, हे आधी विचारा. काउंटरवर झाकण उघडणाऱ्याला देऊ नका. डेटा निघाला नाही तर किती पैसे, हे लिहून घ्या.