हेरपट, गुप्तहेर की जासूद?

टाचणी: सलमान खानचा 'टायगर ३' लोकांनी कसा पाहिला यावरचं एक टिपण मराठीत आणतेय. पहिल्याच ओळीत 'स्पाय थ्रिलर'. मी लिहिलं 'थरारक हेरपट'. नवरा म्हणाला, "मी हेलपाटा वाचलं." 'गुप्तहेरपट' म्हणावं तर भिंग घेतलेला होम्स डोळ्यांपुढे येतो. काय लिहू?

पिटकर: हेरपटच ठेवा. बोलपट चालला, माहितीपट चालला, याच्याशीच वाकडं का? आणि 'गुप्तहेर' हा मुळात पिवळा पीतांबर. हेर काय दवंडी पिटून फिरतो?

हिंगाष्टक: हेरणं उघडही असतं हो. माझी आई मंडईत लांबूनच कोवळी वांगी हेरायची, त्यात गुप्त काय? म्हणून हेराच्या आधी 'गुप्त' लावावं लागलं.

टाचणी: पटलं. पण मग डिटेक्टिव्हला काय म्हणायचं? खुनी शोधणारा गुप्तहेर, आणि परदेशात नाव बदलून राहणारा टायगरही गुप्तहेरच?

मोडीवाला: 'जासूद' घ्या की! पेशवाईतल्या पत्रांतून पानोपानी जासूद धावतात. हिंदीवाल्यांचा 'जासूस' बरा वाटतो, आपला मात्र विसरलात.

हिंगाष्टक: धावतात, पण टपाल घेऊन! जासूदजोडी म्हणजे त्या काळचं कुरिअर. टायगरला जासूद केलंत तर पाकीट देऊन सही मागेल.

मोडीवाला: आणि बहिर्जी नाईक सुरतेहून आणायचे ते काय टपाल होतं? बातमी आणतो तो हेर. तुमची शुद्धता तुमच्यापाशी.

हिंगाष्टक: शुद्धता? आत्ता वर 'कुरिअर' मीच लिहिलं.

बडोदेकरीण: मध्येच बोलते. इथे गुजरातीत जासूद म्हणजे जास्वंद. मावशी गणपतीला रोज पाच जासूद वाहते!

पिटकर: टाचणी, पुढे 'प्रेक्षकांनी डोक्यावर घेतला' तेवढं लिहू नका. २०२३ चं लक्ष्मीपूजन आठवा. मालेगावात पडद्यावर सलमान आला आणि थिएटरच्या आत, अंधारात, फटाके लावले. व्हिडिओत धूर, ठिणग्या आणि खुर्च्यांमधून वाट काढत पळणारी माणसं दिसतात. शेवटी सलमानलाच सांगावं लागलं की हे धोक्याचं आहे. याला डोक्यावर घेणं म्हणतात की डोक्यात जाणं?

टाचणी: टिपणात तोच प्रसंग आहे! मी 'जल्लोष' लिहिलंय.

पिटकर: जल्लोष शिट्ट्यांचा. पडद्यावर चिल्लर उधळली, तोही जल्लोष. बंद हॉलमध्ये सुतळी बॉम्ब म्हणजे राडा.

हिंगाष्टक: राडा मारामारीत होतो. याला 'धिंगाणा' म्हणा.

पिटकर: धिंगाणा पोरं घालतात. यात पोलीस केस झाली.

टाचणी: बरं, पहिली ओळ? उद्या द्यायचंय. तूर्त 'स्पाय थ्रिलर' देवनागरीत ठेवते.

मोडीवाला: बडोदेकरीण, गणपतीला पांढरी जास्वंद चालते का हो? आमच्या कुंडीत तीच फुलते.