डेव्हऑप्सच्या इंटरव्ह्यूला लिंक्ड लिस्ट कशाला?

विश्रामबागकर:
पाच वर्षं डेव्हऑप्स, म्हणजे सर्व्हर सांभाळायचे आणि कोड त्यांच्यावर चढवायचा, त्यासाठी लिनक्स, जेनकिन्स, टेराफॉर्म हेच करतोय, सांगलीत घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम. परवा एक इंटरव्ह्यू झाला, पहिलाच प्रश्न लिंक्ड लिस्ट (एकीला पुढची जोडलेली नोंदींची साखळी) उलटी करून दाखवा. नाही जमलं. पुढं कुबरनेटीससारखं कामातलं काही नाही, नेटवर्किंग नाही, थँक्यू म्हणून कॉल बंद. रोजच्या कामात हे कोण करतं सांगा. गेल्या महिन्यात रात्री दोनला डिस्क भरली, नवीन पोरानं मोठी लॉग फाईल उडवली तरी जागा काय सुटंना, कारण फाईल डिलीट झाली तरी प्रोसेसनं ती उघडीच धरलेली, एलएसओएफ (उघड्या फाईल दाखवणारी कमांड) मारल्यावर सापडलं, सर्व्हिस रीस्टार्ट केली मग मोकळं झालं. हे विचारा की! कोडिंगवरनं माणूस का बाद करता?

अजिंक्यतारा:
भावा, लिंक्ड लिस्टचा राग कळतो, पण कोडिंग नकोच हे नाही पटत. गूगलनं एसआरई (सिस्टीम भरवशानं चालू ठेवणारी) टीम उभी केली तीच सॉफ्टवेअर इंजिनिअरच्या हातात ऑपरेशन्स देऊन, आणि ऑप्सच्या कामाला ५० टक्क्यांची मर्यादा घातली, उरलेला वेळ कोड लिहायचा. आमच्याकडं ४०० ओळींची बॅश स्क्रिप्ट (लिनक्स कमांडची फाईल) होती, एकदा व्हेरिएबलला किंमतच दिली गेली नाही आणि आरएम, म्हणजे डिलीटची कमांड, थेट वरच्या फोल्डरवर चाललं. बॅकअप होता म्हणून वाचलो. सुरुवातीला सेट मायनस यू (किंमत न दिलेलं व्हेरिएबल आलं की थांब) एवढं जरी टाकलं असतं तर स्क्रिप्ट तिथंच थांबली असती, पण लिहिणारा स्वतःला प्रोग्रामर समजतच नव्हता, टेस्ट कोण करणार.

कृष्णाकाठ:
मी विश्रामबागकरांच्या बाजूनं. सांगलीत कृष्णेच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका, हे आकडे इथं पोराटोरांना पाठ असतात, २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलं तेव्हा कुणी कुठनं आधी निघायचं हे अनुभवी माणसंच सांगत होती. सर्व्हरचं तेच. अलर्ट कितीला वाजवायचा आणि वाजल्यावर आधी काय बंद करायचं हे कोडिंगच्या परीक्षेत कळत नाही. सुंदर पायपलाईन (कोड आपोआप सर्व्हरवर चढवायची साखळी) लिहिणारे बघितलेत, डीएनएस (नावावरनं सर्व्हरचा पत्ता सांगणारी यंत्रणा) गंडलं की गप्प बसतात.

अजिंक्यतारा:
बरोबर, पण तोच अलर्ट ६० सर्व्हरवर हातानं लावणार का?

माहुलीची:
मी इंटरव्ह्यू घेते म्हणून सांगते. विश्रामबागकर, तुमचा डिस्कचा प्रश्न मी पण विचारायचे, आता सगळे पाठ करून येतात. हल्ली वेबसर्व्हरची लॉग फाईल देते, कुठल्या आयपीला सगळ्यात जास्त वेळा ५०० नंबरचा एरर (सर्व्हरच्या बाजूचा बिघाड) गेला ते काढा, ४० मिनिटं, गूगल उघडं ठेवा, भाषा कुठलीही चालेल. मध्येच दोन-चार ओळी मुद्दाम तुटक्या ठेवते. तिथं माणूस काय करतो एवढंच बघते. खरं सांगते, पाच वर्षं अनुभव लिहिलेल्यांतले बरेच जण फाईल उघडण्याच्या पुढं सरकत नाहीत, आणि तेव्हा मलाच वाईट वाटतं.

विश्रामबागकर:
ताई, तसली एक फाईल बनवून काल रात्री करून बघितलं. ऑकनं (फाईलमधले रकाने काढणारी कमांड) एका ओळीत निघालं, पण तुटकी ओळ आली की आकडा चुकायला लागला, मग पायथनमध्ये लिहिलं, सव्वा तास गेला. लिंक्ड लिस्टबद्दल माझं मत तेच आहे. पण असला पेपर मिळाला असता आणि नापास झालो असतो तर इथं लिहायला आलो नसतो. अजून एखादी फाईल असेल तर द्या, रविवारी बसतो.