मदत हवी आहे: बाबा टॅबलेटला हातच लावत नाहीत (हार्ट फेल्युअर)

ऐरोलीकर_पक्या
नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय. बाबांना हार्ट फेल्युअर आहे, हल्ली फार विसरतात म्हणून घरच्या घरी मेंदूचा व्यायाम करायचा असं ठरलं, रोज अर्धा तास. चार दिवस झाले नि बंद, आता टॅबलेटला हातच लावत नाहीत. मी सकाळी ठाण्याची गाडी पकडतो तो रात्रीच उगवतो, आई मागे लागली की तिच्यावर खेकसतात. गुरुवारी बहिणीचा फोन येणार, तिला काय सांगू? लवकर सांगा प्लीज.

घंटाळीचा_बाळ्या
गोळ्यांचा आठवड्याचा डबा घे मित्रा. सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र असे खाने असतात. माझे सासरे घेतली की नाही घेतली यावरून रोज भांडायचे, डबा आला नि भांडण संपलं. रिकामं खानं दिसतं ना समोर.

ऐरोलीकर_पक्या
अहो गोळी नाही, स्क्रीनवाला टॅबलेट!! बहिणीने पाठवलाय, त्यात मेंदूच्या खेळांचं अ‍ॅप आहे.

सीवूड्सची_सिस्टर
वय किती? ईएफ किती? विसरणं हळूहळू वाढलं की एकदम? गोळ्या कुठल्या? चष्मा, कान ठीक आहेत? अ‍ॅप कुठल्या भाषेत? यातलं एकही लिहिलेलं नाही तुम्ही.

ऐरोलीकर_पक्या
वय ७१, ईएफ ३०, दोन महिन्यांपूर्वी अ‍ॅडमिट होते. अ‍ॅप इंग्रजी, बाबा मराठी शाळेतले. गोळ्या सातआठ आहेत, नावं आईला माहीत.

वाशी_टू_बीकेसी
अ‍ॅपच्या नादी लागू नका. लुमॉसिटी म्हणून असंच मेंदूच्या खेळांचं अ‍ॅप आहे, त्यांनी २०१६ मध्ये अमेरिकेत २० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं, जाहिरातीत भलते दावे केले म्हणून. खेळ खेळून माणूस त्या खेळात तरबेज होतो, बाकी शून्य.

सीवूड्सची_सिस्टर
अगदी शून्य नाही हो. अमेरिकेतच अ‍ॅक्टिव्ह नावाची मोठी चाचणी झाली, ६५ च्या वरचे २,८३२ लोक होते, २००२ साली छापून आली. १० वर्षांनी पाहिलं तर विचार करण्याचा नि वेगाचा सराव केलेल्यांना त्या त्या कामात फरक टिकून होता, पाठांतराच्या सरावाचा मात्र टिकला नाही. पण ती काही हार्टची पेशंट मंडळी नव्हती, तेव्हा आशा बेताची ठेवा. पक्या, ईएफ ३० म्हणजे हृदयात भरलेल्या रक्तातलं एका ठोक्याला ३० टक्केच बाहेर पडतं, ५० च्या वर हवं. मेंदूलाही त्यातूनच मिळणार ना. अर्धा तास सलग बसवू नका, दहा-दहा मिनिटं करा. आणि लघवीची गोळी सकाळी असेल तर त्यानंतर दोन-तीन तास तो माणूस बाथरूमलाच पळत असतो, तेव्हा कसला व्यायाम!

नेरूळची_वहिनी
आमच्याकडे ब्राह्मीघृत देतात, दोन चमचे उपाशीपोटी. आणि पाणी भरपूर पाजा, तांब्याच्या भांड्यातलं, मेंदूला पाणी लागतं.

सीवूड्सची_सिस्टर
वहिनी, हार्ट फेल्युअरच्या पेशंटला भरपूर पाणी??? त्यांना डॉक्टर बरेचदा मोजून पाणी देतात. असं लिहू नका, कोणी खरंच पाजेल.

नेरूळची_वहिनी
माझे सासरे ८८ वर्षं जगले. असो.

कोपरी_कट्टा
पत्ते खेळवा ओ. तीन-दोन-पाच! हुकूम लक्षात ठेवायचा, किती हात झाले ते मोजायचं, अजून काय पाहिजे मेंदूला. बाय द वे ऐरोलीहून ठाण्याला सकाळी उभं राहायला तरी मिळतं का?

ऐरोलीकर_पक्या
पत्त्यांत पण गडबड होते. रविवारी हुकूम बदाम होता, तीनदा विचारलं. आणि वजनाचं बघा, डॉक्टरांनी रोज लिहायला सांगितलंय तर कॅलेंडरवर सोमवारी ६२.४, मंगळवारच्या चौकोनात दोन आकडे, ६३ नि ६३.३, आज ६४.८. काहीही लिहितात. म्हणून तर विचारतोय, मराठी अ‍ॅप आहे का???

सीवूड्सची_सिस्टर
काहीही कशावरून? मंगळवारी दोनदा काट्यावर उभे राहिले असतील, आकडा विसरले नसतील. तीन दिवसांत दोन किलोच्या वर म्हणजे अंगात पाणी साठतंय. घोट्याच्या वर अंगठ्याने दाबून बघा, खड्डा राहतो का. आडवं झालं की दम लागतो म्हणून रात्री उशा वाढल्यात का? अ‍ॅप राहू दे, आत्ता डॉक्टरांना फोन करा. रक्तातलं सोडियम तपासायला सांगा, ते उतरलं तरी म्हातारी माणसं अशीच गोंधळतात, खेकसतात.

ऐरोलीकर_पक्या
आई म्हणते परवापासून तीन उशा घेतात. खड्डा पडतोय. निघतो.

वाशी_टू_बीकेसी
मी म्हटलंच होतं अ‍ॅपचा उपयोग नाही.

सीवूड्सची_सिस्टर
अंगात पाणी साठतंय हे कुठे म्हटलं होतं तुम्ही?

ऐरोलीकर_पक्या (तीन दिवसांनी)
सोडियम १२४ निघालं, बरंच कमी. इंजेक्शनं देऊन पाणी काढलं, आता दिवसाला दीड लिटरच प्यायचं. बाई थँक्यू. बाबा बरेच शुद्धीवर आलेत, काल नर्सला तारीख वार सांगितला आणि वर कँटीनचा चहा पांचट आहे हेही सांगितलं. विसरणं पूर्ण गेलेलं नाही, डॉक्टर म्हणाले महिन्याने स्मरणशक्तीची टेस्ट करू, तोवर टॅबलेट आईकडे, ती त्यावर सिरियल बघतेय. बाळ्या, गोळ्या आता दहा झाल्यात, तो डबा कुठे मिळाला?

घंटाळीचा_बाळ्या
गोखले रोडला, मेडिकलमध्ये. २८ खान्यांचा घे, सातवाला घेऊ नको.