मदत हवी आहे: पुढच्या चाकाचं बेअरिंग हायड्रॉलिक प्रेसशिवाय घरी बदलता येईल का?

नमस्कार मंडळी,

गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग गेलंय, याची आता खात्री झाली आहे. वेगाबरोबर घोंघावणारा आवाज वाढत जातो. क्लच दाबून इंजिनचे फेरे खाली आणले तरी तो तसाच राहतो. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकावर येतो तेव्हा आवाज चढतो, डावीकडे वळताना जवळपास नाहीसा होतो. टायरची शंका होती, म्हणून पुढची-मागची चाकं अदलाबदल करून पाहिली, फरक नाही. जॅकवर घेऊन एका हाताने चाक फिरवलं आणि दुसरा हात कॉइल स्प्रिंगवर ठेवला, तर स्प्रिंगमध्ये खरखर स्पष्ट लागते. चाकाचा वर-खाली प्ले (ढिलेपणा) मात्र फारसा नाही.

बोल्ट काढून अख्खा हबच (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) बदलायची सोय माझ्या गाडीत नाही. बेअरिंग स्टिअरिंग नकलमध्ये (हब आणि चाक धरून ठेवणारा, स्टिअरिंगबरोबर वळणारा धातूचा भाग) दाबून बसवलेलं आहे, वर सर्क्लिप (ते जागेवर धरणारी स्प्रिंगची कडी). जाड स्क्रू, कप आणि प्लेटवाला पुलर मला मिळेल. नकल गाडीवरच ठेवून काम करायचं आहे, कारण स्ट्रटचे बोल्ट सोडले की अलाइनमेंट पुन्हा करावं लागेल.

हब ओढून काढताना बेअरिंगची आतली रेस (गोळ्या जिच्यावर फिरतात ती कडी) हबवरच अडकून येते म्हणतात. हबला ओरखडा न पाडता ती कशी काढता? शिवाय नव्या बेअरिंगच्या एका सीलमध्ये एबीएसची (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) चुंबकीय रिंग आहे, तिच्यावरून सेन्सर चाकाचा वेग मोजतो, पण दोन्ही सील मला सारखीच दिसतात. घरचे सगळे याच गाडीतून फिरतात, म्हणून हत्यार उचलण्याआधी विचारतोय.

प्रतिसाद:

पुलरने होतं. फक्त जोर कुठे लागतोय त्यावर सगळं अवलंबून आहे. बेअरिंग नकलमध्ये दाबताना कप फक्त बाहेरच्या रेसवर टेकला पाहिजे. नंतर हब आत ओढताना मागून आतल्या रेसला आधार द्या. हे उलट झालं तर सगळा जोर गोळ्यांमधून जातो, रेसवर बारीक खळगे पडतात आणि नवं बेअरिंगही आवाज करू लागतं. बेअरिंग बसवताना हातोडी अजिबात नको. नकलचं भोक घासून स्वच्छ करा, आणि बेअरिंग सरळ शिरतंय ना ते पहिल्या काही आट्यांतच तपासा.

अडकलेल्या रेससाठी पुलरची नखं मागे शिरत नसतील तर ग्राइंडरने एक चीर पाडा, आरपार नाही. उरलेल्या पातळ भागावर छिन्नीचा घाव घातला की रेस तडकते आणि सरकते. डोळ्यांना गॉगल हवाच. हबच्या दांड्यावर खोल चर पडला असेल तर हबही बदला.

चुंबकीय बाजू ओळखायला दोऱ्याला बांधलेली टाचणी सीलजवळ न्या, ओढली जाते ती बाजू सेन्सरकडे, बहुतेक गाड्यांत आतल्या अंगाला. बेअरिंग स्पीकर किंवा चुंबकाजवळ ठेवू नका.

अॅक्सल नट (हबच्या मधोमध असलेला मोठा नट) चाक जमिनीवर असतानाच ढिला करा, पण त्यानंतर गाडीचा भार त्या चाकावर येऊ देऊ नका. शेवटी नवा नट लावा. कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क रेंचने आवळा, मगच गाडी खाली घ्या. गाडी स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर नाही. ब्रेकचा कॅलिपर तारेने बांधा; ब्रेकच्या होजवर (रबरी नळीवर) लोंबकळू देऊ नका.

सर्क्लिप गंजली असेल तर आदल्या रात्रीच तेल सोडून ठेवा. तुमचा बराच वेळ तिथेच जाईल.