मदत हवी आहे: चालू सर्व्हर सॉफ्टवेअरच्या फाइलींच्या जागा बदलाव्यात का?

नमस्कार मंडळी,

आमचं लिनक्सवरचं एक सर्व्हर सॉफ्टवेअर बरीच वर्षं बिनबोभाट चालू आहे. कॉन्फिग, डेटा, लॉग, सगळं /ऑप्ट (/opt) खाली एकाच फोल्डरमध्ये. आता टीममधल्या काहींना पुढच्या व्हर्जनमध्ये सगळं ‘नियमाप्रमाणे’ हवंय: कॉन्फिग /एटसीत (/etc), डेटा /व्हार/लिबमध्ये (/var/lib), लॉग /व्हार/लॉगमध्ये (/var/log). (नियमच काढायचा तर एफएचएसनुसार (लिनक्समध्ये कुठली फाइल कुठे असावी हे सांगणारं मानक) /ऑप्टमधल्या पॅकेजचं कॉन्फिग /एटसी/ऑप्टमध्ये आणि डेटा /व्हार/ऑप्टमध्ये जायला हवा. पण ते कुणाला नकोय!)

मला धास्ती आहे ती हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या लोकांच्या क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या) आणि बॅकअप स्क्रिप्टची. त्यांत जुनेच पाथ (फाइलींचे पत्ते) आहेत आणि त्या आम्हाला दिसत नाहीत.

‘जुन्या जागी सिमलिंक (नव्या जागेकडे बोट दाखवणारी फाइल) ठेवू’ हे उत्तर लगेच मिळतं. /व्हार/रनचं /रन झालं तेव्हा ते चाललंही, पण तिथल्या पिड फाइलचा (चालू प्रोग्रॅमचा क्रमांक ठेवणारी तात्पुरती फाइल) बॅकअप कोण घेतं? इथे डेटा आहे. /ऑप्टमधल्या फोल्डरचा टार (फाइली एकत्र बांधणाऱ्या ‘tar’ कमांडने बॅकअप) काढला आणि आतला डेटा फोल्डर सिमलिंक असला, तर वेगळं काही सांगितलं नाही तर टार फक्त लिंक उचलतो, आतला डेटा नाही. एरर येत नाही, बॅकअप ‘यशस्वी’, आणि रिस्टोअर करायची वेळ आली की कळतं. बाइंड माउंटने (एकच फोल्डर दुसऱ्या जागीही खराखुरा दिसेल असं जोडणं) हे टळेल, पण दुसऱ्याच्या मशीनवरच्या एफएसटॅबमध्ये (अशा जोडण्यांची यादी असलेली सिस्टिम फाइल) आपल्या पॅकेजने हात घालणं मला पटत नाही.

म्हणून माझा कल असा: नवीन इन्स्टॉलला नवे पाथ, जुन्यांचं आहे तसंच. पण मग दोन मांडण्या सांभाळायच्या, सपोर्टला प्रत्येकाला आधी ‘तुमचं कुठलं?’ विचारायचं. कुणी हे निभावलंय का?

प्रतिसाद १:
निभावतंय. पाथ कोडभर विखुरलेले असतील तर आधी ते एका जागी आणा, हलवाहलवी नंतर. प्रोग्रॅम सुरू होताना कॉन्फिग आणि डेटा कुठून घेतला ते लॉगमध्ये पूर्ण पाथसकट लिहा, सपोर्टचा प्रश्न तिथेच मिटतो. सिमलिंकला माझाही विरोध.

धागाकर्ता:
आभार. आणि कॉन्फिग दोन्हीकडे सापडलं तर? नवं धरायचं?

प्रतिसाद १:
अजिबात नाही. दोन्ही पाथ दाखवून सुरू व्हायलाच नकार द्यायचा. नव्या जागी बहुतेकदा पॅकेजने टाकलेली कोरी डिफॉल्ट फाइल असते आणि ॲडमिनने केलेले बदल जुनीत राहिलेले असतात.