नैसर्गिक म्हणजे निर्धोक?

दुखापत लवकर बरी व्हावी म्हणून पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, टोचून घेण्याच्या चर्चेत कोणीतरी म्हणालं, "हे पेप्टाइड शरीरातच असतात, मग अपाय कसला?" हा मुद्दा अर्धाच पटला. तांब्याचं जीएचके (तांब्याला जोडलेलं छोटं पेप्टाइड) रक्तात सापडतं, १९७३ पासून माहीत आहे, क्रीममध्ये लावायला माझीही हरकत नाही. पण बीपीसी-१५७ ही प्रयोगशाळेत जोडलेली १५ अमिनो आम्लांची साखळी. तिचे बहुतेक पुरावे उंदरांवरचे. नव्या रक्तवाहिन्या वाढवते म्हणून जखम भरते म्हणतात; शरीरात कुठे कॅन्सरची गाठ लपलेली असेल तर तिलाही त्याच वाहिन्या मिळतील, ही शंका त्या चर्चेत कोणी काढलीच नाही.

माझा मावसभाऊ मानकापूरला वेटलिफ्टिंग करतो. खांदा दुखावला म्हणून त्यानं जीएचके, बीपीसी-१५७ आणि टीबी-५०० (आणखी एक पेप्टाइड) या तिन्हींचं मिश्रण मागवलं. मे महिना, नागपूरचं ऊन, आणि कुरिअरच्या डब्यात बर्फाची पिशवी पार पाणी झालेली. कुपी हाताला कोमट लागत होती बाप्पा! आत निळसर भुकटी (तो तांब्याचा रंग), लेबलवर 'फक्त संशोधनासाठी'. हा तरी सिरिंज शोधून राहिला होता. त्याला सांगितलं, बीपीसी-१५७ वर वाडानं (खेळातलं डोपिंग रोखणारी जागतिक संस्था) २०२२ पासून बंदी घातलीय, टीबी-५०० वरही आहे. स्पर्धेचं नाव निघताच कुपी कपाटात गेली. आता फिजिओकडे जातो, कुरकुरत.